तीनदा खरं ठरलेलं पत्र

डिसेंबर १९९९ मधला पहिला रविवार. सकाळचे नऊ वाजले होते आणि कोयनानगरच्या बाजारात आकारामच्या एसटीडी बूथसमोर दोनशेच्या वर माणसं उभी होती. आत प्रिंटर करकरत होता आणि कागद ओळीओळीनं बाहेर येत होता. बायकांनी डोक्यावरून पदर घेतले होते. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहून ठेवलं होतं. कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

माझं औषधांचं दुकान बूथच्या समोरच आहे. मी यल्लाप्पा, मूळचा जत तालुक्यातला. वीस वर्षांपूर्वी इथं आलो आणि इथलाच झालो. कोयनेची जमीन हलते, हे इथल्या माणसाला पावसाइतकं सवयीचं. फळीवरच्या बाटल्या किणकिणल्या की मी हात आडवा धरतो आणि थांबल्यावर गिऱ्हाइकाला उरलेल्या गोळ्या मोजून देतो. पण सवय झाली म्हणून भीती गेली, असं नाही. सदुसष्ट सालच्या डिसेंबरच्या अकरा तारखेला पहाटेच्या मोठ्या भूकंपात इथं जे झालं, ते पाहिलेली माणसं अजून आहेत. ती त्याविषयी बोलत नाहीत, एवढंच.

आकाराम हा फौजेतल्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेला. बूथमध्ये त्यानं कॉम्प्युटर घेतला, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडलं आणि परगावी असलेल्या मुलांना इमेल पाठवून देण्याचं काम सुरू केलं. ऑक्टोबरात त्याच्या पत्त्यावर एक अनोळखी इमेल आलं. हिमालयातल्या गुहेत चाळीस वर्षं मौनात राहिलेल्या कुणा ऋषीच्या नावानं. ‘येत्या सात दिवसांत जमीन हलेल.’ पाचव्या दिवशी हलली. दुसरं पत्र आलं, की आता दहा दिवस शांत राहील. राहिली. तिसरं आलं, की पुन्हा हलेल. दुसऱ्याच दिवशी भर दुपारी बाजारातली पत्र्याची शेड खडखडली.

तीन पत्रं, तिन्ही खरी. मग गावाला तरी आणखी काय पाहिजे होतं?

चाळीस वर्षं मौनात असलेला ऋषी इंग्रजीत पत्रं कसा लिहितो, असं मी एकदा आकारामला विचारलं होतं. तो म्हणाला, मौन तोंडाचं असतंय, बोटांचं न्हाई.

त्या रविवारी त्यानं कागद फाडून घेतला, स्टुलावर चढला आणि मराठीत सांगू लागला.

“ऋषी म्हंत्यात, कोयनाकाठच्या लेकरांनो, ह्या अकरा तारखेपासनं पुनवेपतूर तुमच्या पायाखालची भुई फाटंल. सिमिटाच्या छताखाली जो ऱ्हाईल, त्येचं काय खरं न्हाई. ज्येच्या दाराला माजी तांब्याची पट्टी हाय, त्येच्या दारावरनं काळ माघारी जाईल.”

एक म्हातारा मटकन खाली बसला. मग एकेक जण पुढं होऊन पट्टीसाठी नाव लिहू लागला. पट्टी ऋषीच्या वेबसाइटवर मिळायची. आकारामचा मेहुणा विट्याचा, दूर तमिळ मुलखात सोनं गाळायच्या धंद्यात. त्याच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या क्रेडिट कार्डावरून त्याच संध्याकाळी मागणी गेली. पार्सल यायचं होतं. आकारामनं पहिलं नाव स्वतःच्या घराचं लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं. तो लबाड नव्हता. त्याचा त्या पत्रांवर पुरता विश्वास होता, आणि धोका होता तो तिथंच.

संध्याकाळपर्यंत मैदानावर ताडपत्र्या ठोकल्या जाऊ लागल्या. माणसं पक्की घरं सोडून उघड्यावर आली. कोयनेचं खोरं डिसेंबरात किती गारठतं, हे इथं राहिल्याशिवाय कळत नाही. सोमवारी दुपारपर्यंत माझ्या दुकानातली लहान मुलांच्या खोकल्याची औषधं संपली. ज्यांच्या गोळ्या रोजच्या होत्या, त्यांच्यातले काही जण यायचेच बंद झाले. दुकानाला स्लॅब होता ना.

मैदानाच्या कडेच्या ताडपत्रीत अंबूबाई होती आणि तिच्यासोबत तिची सून शिवांजली. मुलगा ज्योतिबा सैन्यात, सरहद्दीवर. शिवांजलीला नववा महिना लागला होता. आरोग्य केंद्रातल्या नीलिमा सिस्टरनी तिचा रक्तदाब पाहिला आणि त्या घाबरल्या. पाय सुजलेले, तोंड सुजलेलं. ताबडतोब कराडच्या दवाखान्यात भरती करा, त्यांनी सांगितलं. अंबूबाईनं मान हलवली. कराडचा दवाखाना चार मजली आहे.

मी तिला समजवायला गेलो. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, “माजी लेक दोन वरसाची हुती. भितीखालनं काडली तवा तिच्या मुठीत भाकरीचा तुकडा हुता. तुमी मला छताचं सांगू नगा.”

मी दुकानाकडं परतलो. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी स्वतःही खाट सरकवून दाराजवळ घेतली होती. असल्या गोष्टींवर हसणारा मी. पण तीन वेळा खरं ठरलेलं पत्र माझ्याही डोक्यात घर करून बसलं होतं.

दीक्षा कराडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिचे वडील धरणावर पाण्याची पातळी मोजायच्या कामावर होते. घर इथलंच, त्यामुळं सुट्टीला ती इथं असते. रविवारी गर्दी पांगल्यावर ती आकारामच्या बूथमध्ये गेली आणि मूळ पत्र बघायला मागितलं. आकारामनं ते आनंदानं दाखवलं. मीही मागं उभा होतो.

तिनं दोनदा वाचलं आणि विचारलं, “काका, ह्यात कोयना कुठं आहे?”

आकाराम गोंधळला. पत्रात कोयना नव्हती. अकरा तारीखही नव्हती, सिमेंटचं छतही नव्हतं. ‘प्रिय मित्रा, तू जिथं राहतोस तिथली जमीन पौर्णिमेच्या आत फाटेल; दाराला माझी तांब्याची पट्टी लावशील तर वाचशील,’ एवढंच होतं. बाकीचं आकारामनं आपल्या पदरचं घातलं होतं. आपल्या मान्सांस्नी कळावं म्हनून, तो म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

दीक्षानं काही कळा दाबल्या. पत्राच्या वर पंधरावीस ओळींचा गिचमिड मजकूर उमटला. टपालाच्या पाकिटावर गावोगावचे शिक्के असतात ना, तसंच हे, तिनं मला समजावलं. पाठवणारा स्वतःचं नाव खोटं घालू शकतो, पण ज्या यंत्रांमधून पत्र पुढं आलं ती आपापला शिक्का मारत जातात. खालचा शिक्का सगळ्यात आधीचा. तोही कधी कधी बनावट असतो, म्हणून वरून खाली एकेक ताडून बघायचं. तिनं ते सगळं छापून घेतलं. चारही पत्रांचं.

दुसऱ्या दिवशी तिचा कराडहून दुकानात फोन आला. आवाज हळू होता. कॉलेजच्या सामायिक पत्त्यावर असली बिनबोलावलेली जाहिरातीची पत्रं रोज येतात, त्यांना स्पॅम म्हणतात, कुणी ती उघडतही नाही. त्या ढिगात तिला हाच ऋषी सापडला होता. तोच फोटो, तेच शब्द, त्याच तारखा. फक्त तिसऱ्या पत्रात एक गोष्ट वेगळी होती. आकारामला ‘हलेल’ असं लिहिलं होतं, त्याच दिवशी कॉलेजला ‘शांत राहील’ असं.

“आणि चौथं?” मी विचारलं.

“चौथं दोघांनाही शब्दशः सारखं आहे, काका. पट्टी घ्या.”

त्या दिवशी तिनं आणखी दोन गोष्टी केल्या. पत्र ज्या कंपनीच्या यंत्रातून सुटलं होतं आणि ऋषीची वेबसाइट ज्या कंपनीच्या यंत्रावर ठेवली होती, त्या दोघांचे तक्रारीचे पत्ते शोधून काढले. दोन्ही परदेशातल्या. त्यांना सगळ्या शिक्क्यांसकट पत्रं पाठवली आणि लिहिलं, की ह्या पत्रांमुळं एका गावातली माणसं थंडीत उघड्यावर झोपली आहेत आणि एका बाईचा जीव धोक्यात आहे. मग ती त्या वेबसाइटच्या मागं लागली. एकाच यंत्रावर आणखी कुठकुठल्या साइट आहेत ते पाहता येतं. तिथं दहाबारा निघाल्या. कुठं केस उगवायचं तेल होतं, कुठं वजन उतरवायची पूड.

बुधवारी सकाळी ऋषीची वेबसाइट बंद पडली. तक्रार पोचली होती. कंपनीचं दोन ओळींचं उत्तर दीक्षाला आलं, की खातं बंद केलं आहे.

आता सुटलो, असं मला वाटलं. पण झालं उलटंच. आकारामनं नेहमीप्रमाणं साइट उघडायला घेतली आणि पडद्यावर कोरं पान आलं. तासाभरात गावभर झालं की ऋषी अंतर्धान पावले. वेळ जवळ आली म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. अजून घरात होते ते उरलेसुरलेही मैदानावर आले. सगळी गल्ली रिकामी. मी दुकानात एकटा बसलो होतो आणि समोर ओळीनं कुलपं लागलेली दारं दिसत होती. त्या शांततेत एखादं कुत्रं जरी भुंकलं, तरी माझं लक्ष फळीवरच्या बाटल्यांकडं जायचं.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला जमीन हलली. नेहमीपेक्षा जास्त. जमिनीखालून लांबलचक घरघर आली, दोन बाटल्या फुटल्या, शाळेच्या भिंतीला चीर गेली. मैदानावर एकच आक्रोश उठला. अंबूबाईनं सुनेला पोटाशी धरलं आणि दातखीळ बसल्यासारखी ती तशीच बसून राहिली. धक्का थांबल्यावर शिवांजली म्हणाली, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, डोकं फुटतंय. सगळ्यांना वाटलं, भीतीनं असेल. नीलिमा सिस्टरना ठाऊक होतं, की चढलेल्या रक्तदाबानं झटका येण्याआधीचं हे लक्षण आहे. त्यांनी पुन्हा हात जोडले. अंबूबाई म्हणाली, पुनव होऊंद्या.

पौर्णिमा बावीस तारखेला होती. बारा दिवस. एवढे दिवस शिवांजलीच्या हातात नाहीत, सिस्टर मला दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाल्या. मी दीक्षाला फोन लावला.

ती शनिवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं आली. तारीख अकरा. मैदानावर सातशेआठशे माणसं होती आणि त्यातलं कुणी जागचं हलायला तयार नव्हतं. दीक्षा मध्ये जाऊन उभी राहिली. तिनं भाषण केलं नाही. मला एक खेळ दाखवायचा आहे, सोळा माणसं पुढं या, एवढंच म्हणाली. कुणी येईना. शेवटी आकारामच पुढं झाला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याच्या मागोमाग पंधरा जण आले. त्यात डोंगरावरच्या धनगरवाड्याचा धुळाही होता.

तिनं पिशवीतून घडी घातलेल्या सोळा चिठ्ठ्या काढल्या आणि प्रत्येकाला एकेक दिली. आत चार ओळी होत्या, चार वेळचं भाकीत, छापा की काटा. रुपया उडवायचा, ज्याची चिठ्ठी चुकेल त्यानं खाली बसायचं, असं तिनं सांगितलं. रुपया मात्र तिनं स्वतः उडवला नाही. अंबूबाईच्या हातात दिला.

अंबूबाईनं तो कसाबसा वर टाकला. छापा. आठ जण खाली बसले. दुसऱ्यांदा पुन्हा छापा. चार उरले. तिसऱ्यांदा काटा. आकाराम आणि धुळा, दोघंच उभे. लोक आता उठून पुढं सरकत होते. चौथ्यांदा रुपया मातीत पडला आणि कुणीतरी वाकून सांगितलं, काटा. आकाराम खाली बसला.

धुळा एकटा उभा होता. त्यानं चिठ्ठी पुढं केली. छापा, छापा, काटा, काटा. लिहिलं होतं तसंच झालं होतं, चारही वेळा. बायकांनी कपाळाला हात लावले. एकजण धुळाच्या पायाला हात लावायला खाली वाकलेली मी पाहिली.

“आवं, हिला कसं ठावं हुतं?” धुळानं विचारलं.

“मला काहीच ठाऊक नव्हतं, धुळाभाऊ,” दीक्षा म्हणाली. “आता सगळ्यांच्या चिठ्ठ्या उघडा.”

चिठ्ठ्या उघडल्या. सोळाच्या सोळा निराळ्या होत्या. चार वेळा रुपया उडवला तर जे जे होऊ शकतं ते सगळं तिनं लिहून ठेवलं होतं. रुपया कसाही पडला असता तरी कुणीतरी एक जण उभा राहिलाच असता आणि त्याला वाटलं असतं, ह्या पोरीला देवाचा दृष्टांत होतो.

मग ती पत्रांकडं वळली. ऋषीनं हजारो पत्त्यांवर पत्रं धाडली. निम्म्यांना लिहिलं हलेल, निम्म्यांना लिहिलं शांत राहील. ज्याचं चुकलं त्यानं पत्र पुसून टाकलं आणि तो विसरून गेला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. आठ हजार पत्ते धरले, तर त्यातल्या कुठल्यातरी हजार माणसांना तिन्ही पत्रं खरी आलेली दिसणारच. कुठं काय हललं हे पाठवणाऱ्याला बघायचीही गरज नाही. ज्याचं खरं ठरलं तो आपल्या पायानं त्याच्या दुकानात येतो. आकाराम त्या हजारांतला एक. तिचं कॉलेज उरलेल्या सात हजारांतलं. तिनं कॉलेजचं तिसरं पत्र दाखवलं, ते हातोहात फिरलं. इंग्रजी ज्यांना येत होतं त्यांनी वाचून सांगितलं.

शेवटी तिनं तीन रंगीत कागद दोरीवर टांगले. एकावर जटाधारी ऋषी. दुसऱ्यावर तोच म्हातारा, पांढऱ्या कोटात, टकलावर केस उगवायचं तेल विकणारा डॉक्टर. तिसऱ्यावर पुन्हा तोच, पूड खाऊन बारीक झालेला शेतकरी. तीच दाढी, डाव्या भुवईवर तोच व्रण. तिन्ही साइट एकाच यंत्रावरच्या. त्या म्हाताऱ्याला तरी आपला फोटो कुठं लागलाय हे ठाऊक असेल की नाही, कोण जाणे.

आकारामनं तिन्ही कागद जवळ जाऊन पाहिले. मग सगळ्यांकडं तोंड करून म्हणाला, “अकरा तारीख मी घातली, सिमिटाच्या छताचंबी मीच. पत्रात ह्यातलं कायबी नव्हतं. माजं चुकलं.” हे बोलायला फौजेतल्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त धैर्य लागलं असणार.

पण अंबूबाई हलली नव्हती. रुपया तिच्या मुठीत होता. ती दीक्षाला म्हणाली, “मंग आता मोटा भूकंप हुनार न्हाई, आसं तू सांगतीस?”

दीक्षा हो म्हणाली असती, तर काम सोपं झालं असतं. मलाही वाटलं, म्हण बाई हो.

“न्हाई सांगू शकत, आजी,” ती म्हणाली. “आज होईल, उद्या होईल, कधी न्हाईबी होणार. ते कुणालाच सांगता येत नाही. जो सांगतो तो खोटं बोलतो, मी सांगितलं तर मीबी खोटी. पण तुमच्या सुनेच्या रक्ताचा दाब किती चढलाय ते सिस्टरनी मोजलंय. ते भाकीत न्हाई. ते आत्ता, ह्या घडीला चाललंय.”

अंबूबाईनं सुनेकडं पाहिलं. शिवांजली डोळे मिटून, एका हातानं कपाळ दाबून पडली होती. म्हातारी उठली आणि म्हणाली, “जीप बगा कुनीतरी.”

घाटाच्या वळणांवर, पाटणच्या अलीकडं शिवांजलीला झटका आला. नीलिमा सिस्टरनी तिला एका कुशीवर वळवून धरलं, दीक्षानं पाय धरले आणि मी ड्रायव्हरशेजारी बसून रस्त्याकडं बघत राहिलो, कारण मागं बघायची माझी छाती नव्हती. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं. मुलगी झाली, अगदी लहान, ओंजळीत मावेल एवढी. पण रडली. शिवांजलीनं तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, तेव्हा तिला नीट दिसत नव्हतं. आठवडाभरानं दिसू लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या.

अंबूबाई ते सगळे दिवस तिसऱ्या मजल्यावर, काँक्रीटच्या छताखाली, खाटेजवळ जमिनीवर बसून होती. भीती गेली म्हणून नव्हे. नीलिमा सिस्टर सांगत होत्या, खाली रस्त्यावरून ट्रक गेला तरी म्हातारी खाटेची दांडी घट्ट धरायची. पण उठून गेली नाही.

बावीस तारीख आली आणि गेली. पौर्णिमेचा चंद्र मोठा दिसला, एवढंच. मैदानावरच्या ताडपत्र्या त्याआधीच निघाल्या होत्या. पट्ट्यांचं पार्सल कधी आलंच नाही. जानेवारीत एक बारीक धक्का बसला. त्याविषयी कुणाचंही पत्र आलेलं नव्हतं.

फेब्रुवारीत मात्र आकारामनं मला बूथमध्ये हाक मारली. पडद्यावर नवं इमेल होतं. ह्या वेळी एक साध्वी होती, तिचा आश्रम कुठल्याशा बेटावर होता आणि येत्या सात दिवसांत तिच्या मते जमीन शांत राहणार होती. वेबसाइटचं नाव वेगळं, देश वेगळा. वाक्यं मात्र तीच. आकारामनं ते कुणाला वाचून दाखवलं नाही. त्यानं शिक्क्यांचा मजकूर उघडला, दीक्षानं शिकवलं होतं तसं तक्रारीचे पत्ते शोधले आणि पत्र पुढं धाडलं. चार दिवसांनी ती साइट बंद झाली. मग तिसरी उघडली. तीही त्यानं कळवली. हे संपेल असं मला वाटत नाही. त्या माणसाला आपण कधी पाहणार नाही, त्याचा आवाज ऐकणार नाही, आणि तो आपल्या घरात मात्र रोज येत राहणार.

म्हणून हे लिहून ठेवतो आहे. पूर्वीच्या बाबाला निदान गावात यावं लागायचं, त्याची झोळी तपासता यायची. ह्या नव्या बाबाला झोळीच नाही. तेव्हा भाकीत खरं ठरलं, असं कुणी सांगितलं की हुरळून जाऊ नका आणि भेदरूनही जाऊ नका. एवढंच विचारा, की हेच भाकीत आणखी किती जणांना सांगितलं होतं आणि त्यांचं काय झालं. ज्यांचं चुकलं ते कधी स्टुलावर उभं राहून सांगत नाहीत. त्यांना शोधून काढून विचारावं लागतं, आणि तोवर घरातल्या आजारी माणसाला डॉक्टरकडं न्यायचं थांबवू नका.